कोणत्या तोंडाने बोलू?

दुपारचे दोन वाजून गेलेत. चारला नगरपरिषदेची सभा आहे, म्हणून घटकाभर पडते. पंखा संथ फिरतोय. डोळे मिटतात न मिटतात तोच स्वयंपाकघरात कुणीतरी डबे हलवतंय असं वाटतं.

जाऊन बघते, तर डांगरे बाई. ओट्याशी उभ्या राहून साखर शोधतायत. बाईंना जाऊन तीन आठवडे झाले. मी स्वतः स्मशानापर्यंत गेले होते.

"बाई, तुम्ही तर..."

"गेले ना. त्या दिवशी तुझा चहा न घेताच उठले होते. तो प्यायला आले."

त्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या होत्या ते नगरपरिषदेच्या मराठी शाळा क्रमांक सातसाठी. तिथे त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि मी चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकले. आता ती शाळा बंद करून जागेवर दुकानं काढायचा ठराव आलाय. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, "संजीवनी, तू नगरसेविका आहेस. सभेत विरोधात बोल." मी म्हटलं होतं, "कोणत्या तोंडाने बोलू, बाई? माझी जुई इंग्रजी शाळेत जाते." त्या चहा तसाच ठेवून उठल्या. नऊ दिवसांनी हार्ट अटॅकने गेल्या.

मी चहा ठेवते. आधण उकळतंय आणि खाली गॅस नाहीच, शाळेची लाकडी फळी आहे. आम्ही दुसरीच्या वर्गात बसलोय. बाक इतके बुटके की माझे गुडघे हनुवटीला लागतायत.

"माझा अविनाश कुठे शिकला, ठाऊक आहे?" बाई विचारतात.

"इथेच की."

"चौथीपर्यंत. मग ह्यांनी त्याला कॉन्व्हेंटात घातला. मीही नाही म्हटलं नाही. सकाळी त्याचा टाय बांधायचा आणि इथे येऊन पालकांना सांगायचं, मुलांना मराठीत शिकवा."

मला हे माहीतच नव्हतं. "लाज नाही वाटायची?"

"वाटायची तर. एकदा वीटभट्टीवरच्या एका बाईने तोंडावर विचारलं, तुमचा पोरगा कुठे आहे? मी सांगितलं, कॉन्व्हेंटात आहे. ती हसली. पण पोरीला आणून बसवलं माझ्याकडे."

"पण बाई, वागायचं एक आणि बोलायचं एक, हे बरोबर आहे का? मग वागण्याला काही किंमतच नाही."

"आहे ना. टोचू दे ते. मलाही शेवटपर्यंत टोचलं." बाई बशीत चहा ओततात. "पण तुझी जुई बसने जाते म्हणून त्या बेचाळीस पोरांनी हायवे ओलांडून दुसऱ्या शाळेपर्यंत तीन किलोमीटर चालायचं, हा कुठला न्याय? त्यांनी काय केलंय?"

खिडकीबाहेर सभागृह दिसतंय. मग आम्ही सभागृहातच आहोत. सगळे नगरसेवक बुटक्या बाकांवर मांडी घालून बसलेत, आणि आमचे गटनेते नलावडे साहेब हजेरी घेतायत. बाई माझ्या शेजारी.

"खरं सांग," त्या हळूच म्हणतात. "लाज वाटते म्हणून गप्प बसतेस, की गप्प बसायला ही लाज बरी सापडली?"

मी खाली बघते. नलावडे साहेबांनी महिन्यापूर्वीच सांगितलंय, ठरावाला आडवं जाऊ नका, पुढच्या वेळी तिकिटाचं बघू. हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. बाईंना मात्र कळलंय. त्या रागावलेल्याही दिसत नाहीत. पाढा चुकल्यावर थांबायच्या, तशा नुसत्या थांबून राहिल्यात.

"दोन्ही," मी म्हणते.

"मग असं कर. आधी उठून सांग, माझी मुलगी इंग्रजी शाळेत आहे. ते सांगून झालं की पुढचं बोल."

"लोक हसतील, बाई."

"हसू देत. हसून झालं की ऐकतील."

नलावडे साहेब माझं नाव पुकारतात. मी बाक घट्ट धरून बसून राहते. बाई हात पुढे करतात, माझा डावा कान धरतात आणि चांगला पिळतात. दुसरीत पिळायच्या तसाच.

"आई गं!" मी उठून बसते.

तीन वाजून वीस मिनिटं. पंखा फिरतोय. घरात कुणी नाही. कानातली कुडी उशीवर पडलीय, फिरकी कुठे दिसत नाही.

फोन वाजतो. नलावडे साहेब.

"मॅडम, बरं नसेल तर आराम करा. आज नाही आलात तरी चालेल."

"येतेय मी," मी म्हणते. "शाळा सातच्या ठरावावर मला बोलायचंय. विरोधात."

मग ते म्हणतात, "तुमची मुलगी कुठे शिकते, हे विचारतील बरं का."

"त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगणार आहे."

ते आणखी काहीतरी बोलतायत. मी उजव्या कानाने ऐकतेय. डाव्याला फोन लावता येत नाही, तो लालबुंद झालाय आणि ठणकतोय.