सपाट वाढणारी बुरशी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. विषय तिकडे वळला की मी चहा ठेवायला उठत असे. आता ज्याच्यासमोरून उठावं असं घरात कुणी नाही, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी इथे काशीत विद्यापीठात बुरशीशास्त्र शिकवत होतो. माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी एक मुलगी होती, संकठा घाटाजवळच्या भिक्षुकांची. तिच्या वडिलांची नि माझी घाटावरची ओळख, त्यामुळे प्रयोगशाळेत ती मला सर म्हणे आणि घाटावर काका.

पावावर येते ती नारिंगी बुरशी आम्ही वाढवत असू. नीट वाढली की ती परीक्षानळीत पिंजलेल्या कापसासारखी फुगून वर येते. या मुलीला एका नळीत वेगळीच सापडली. ती फुगायचीच नाही, आगरावर, म्हणजे नळीतल्या खाद्याच्या जेलीवर, सपाट पसरत राहायची. विभागातले लोक चिडवत, तुझी बुरशी उपासाला बसलीय का म्हणून. ती म्हणे, "भुकेली नाहीये, बहिरी आहे."

हा शब्द तिने विचार करून वापरला होता. बुरशीच्या तंतूने कुठे वळायचं, कधी फांदी फोडायची, कधी हवेत उठायचं, हे बाहेरच्या खबरीवर ठरतं. अन्न कुठे आहे, हवा कुठे आहे, हे पेशीच्या आवरणाला लागून बसलेली काही प्रथिनं आत कळवतात. या बुरशीत त्यांतलं एक मोडलंय, असं तिचं म्हणणं. ते प्रथिन पेशीच्या आत जे रसायन तयार करवून निरोप पुढे धाडतं, ते रसायनच तिने वरून आगरात मिसळलं. तिसऱ्या दिवशी सपाट बुरशीवर लव उभी राहिली. असं दोनदा झालं. आणखी एकदा झालं असतं तर तिचा प्रबंध पक्का होता.

तेवढ्यात तिचे वडील वारले. मी भेटायला गेलो. सुतक फिटेपर्यंत ती घराबाहेर पडणार नव्हती. घाटावरचं घर, तरी त्या दिवशी ती सर म्हणाली. "सर, माझ्या नळ्या जुन्या झाल्यात. तेवढ्या नव्या आगरावर उतरवाल?"

मी हो म्हटलं.

पण उतरवायचं राहूनच गेलं आणि विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे मायक्रोस्कोपपासून नळ्या वाफेवर उकळायच्या ऑटोक्लेव्हपर्यंत सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं, हार पडतात, आणि त्याआधी जुन्या नळ्या उकळून धुऊन टाकतात. नळ्या मीच निवडत होतो. फुगलेल्या ठेवल्या. सपाट, निस्तेज दिसल्या त्या मेल्या समजून ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. महिनाभर तिच्या बुरशीवर बोलत होतो, तरी हात जुन्या सवयीनेच चालला. आधी लेबल वाचा, हे मी वीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो.

दुपारी तिच्या नळ्यांचा रिकामा स्टँड पुसताना लक्षात आलं. सगळे प्रसादाची बुंदी घेऊन घरी गेले होते. ऑटोक्लेव्हवरच्या हारातला झेंडू वाफेने मऊ पडला होता. मी स्टुलावर बसून राहिलो.

ती परत आली तेव्हा मी सांगितलं, दोन दिवस लाइट नव्हती, उकाड्याने नळ्या गेल्या.

ही बुरशी काशीच्या उकाड्यात दोन दिवसांनी मरत नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. "बरं, सर," एवढंच ती म्हणाली.

वर्षभर तिने शोधलं. तशी बुरशी पुन्हा मिळाली नाही. मी दुसरा विषय सुचवला, तो न घेता ती रामनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. घाटावर भेटली तर नमस्कार करायची, पण काका म्हणणं थांबलं. प्रयोगशाळेत तिचं टेबल मी कुणाला दिलं नाही. हळूहळू तिथे माझ्याशी बोलणारंही कुणी उरलं नाही.

काही वर्षांनी ग्रंथालयात एका परदेशी नियतकालिकात तशीच सपाट बुरशी पाहिली. कारणही तेच, मोडलेलं प्रथिन. मी झेरॉक्स काढली आणि रामनगरला गेलो. शाळा नुकतीच सुटली होती. तिने विचारलं, "सर, तुम्ही इकडे कसे?"

"वांगी घ्यायला," मी म्हणालो.

रामनगरची भरताची वांगी मोठी असतात, तेव्हा तिला नवल वाटलं नसावं. ती बाजारात बरोबर आली, दाबून पाहून दोन निवडली आणि स्वतःच्या हाताने माझ्या पिशवीत ठेवली. खाली ती झेरॉक्स होती.

"अजून काही हवं होतं का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

मागल्या वर्षी ती गेली. मणिकर्णिकेवर मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. रामनगरला जाताना होडीत जुळवलेली वाक्यं अजून तशीच पाठ आहेत. बाळ, लाइट गेली नव्हती. तुझ्या नळ्या मी उकळल्या आणि तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर.