कुबरा मॅडमनी न विचारलेला प्रश्न

कुबराने बारावीनंतर नर्सिंगचं नाव काढलं तेव्हा पनवेलच्या मोहल्ल्यातल्या तिच्या सगळ्या चुलत्यांनी नाकं मुरडली. परक्या पुरुषांची अंगं पुसायची, रात्रपाळ्या करायच्या, मग हिच्याशी लग्न कोण करणार? तिचे अब्बा, जमालभाई, तेव्हा कुवेतला क्रेन चालवत. त्यांनी फोनवर सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या तुमच्यापैकी कोणी अंथरुणाला खिळला तर त्याचं अंग कुणाची तरी लेक पुसणारच ना? मग माझ्या लेकीनं पुसलं तर काय बिघडलं?" विषय तिथंच मिटला.

कुबरा नर्स झाली. लग्नाचं मात्र जमता जमता राहिलं, आणि पुढे तिनेच तो नाद सोडला. बरीच वर्षं वॉर्डात काढल्यावर ती त्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली. मुली तिला थोड्या घाबरत, पण तिचा तास कुणी चुकवत नसे. ती पुस्तक उघडायचीच नाही. एखादा पेशंट सांगायची आणि विचारायची, "आता तुम्ही त्याच्या खाटेशी उभ्या आहात. काय बघाल? काय विचाराल? आणि का?"

तिची एक आवडती केस होती, कोन गावच्या सखूबाईंची. मिठागरावर जन्म घालवलेली ही म्हातारी डायबेटिसची जुनी पेशंट. एकदा जावयाने तिला बळेबळे आणलं, तर ती सगळ्यांवर खेकसत होती. "मना काय नाय झालाय गो, निस्ता ग्यास हाय!" छातीत दुखत नव्हतं, काही नाही. पण कपाळ घामाने डबडबलेलं होतं आणि हात गार. कुबराने डॉक्टरांना हाक मारली, त्यांनी लगेच ईसीजी काढायला लावला, आणि हार्ट अटॅक सापडला. सखूबाई वाचली. "डायबेटिस जुना झाला की नसा बधिर होतात," कुबरा मुलींना सांगायची. "अटॅक आला तरी छाती दुखेलच असं नाही. नुसता थकवा येईल, पोट जड होईल, घाम फुटेल. तेवढ्यावरून तुम्हाला ओळखता आलं पाहिजे."

जमालभाई कुवेतहून कायमचे परतले ते डायबेटिस घेऊनच. गोळ्यांचं, पथ्याचं सगळं कुबरा बघायची. रमजान आला की दोघांचा वाद ठरलेला. ती म्हणायची, रोजे ठेवू नका. ते हसून म्हणायचे, "तिकडे भर उन्हात क्रेनवर बसून ठेवलेत बेटा, इथं पंख्याखाली का नाही ठेवणार?" शेवटी गोळ्यांच्या वेळा बदलून द्यायच्या आणि दुपारी शुगर बघायची, अशी तडजोड व्हायची.

दोन हजार अकराचा रमजान ऑगस्टात आला. त्यातल्या एका दिवशी मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि बाहेरून परीक्षक आले होते. कुबराने दुपारी सवयीप्रमाणे घरी फोन लावला. अब्बांनीच उचलला.

"आवाज का असा येतोय, अब्बा?"

"काही नाही गं. थकल्यासारखं वाटतंय. पहाटे सहरीला खाल्लेलं वर आल्यासारखं होतंय."

"शुगर बघितली?"

"बघितली ना. एकदम नॉर्मल."

"मग रोजा सोडा. बरं नसेल तर सोडलेला चालतो, तुम्हाला माहीत आहे."

"आता इफ्तारला राहिलंय किती! पडतो जरा."

"बरं, पडून राहा. बाहेर जाऊ नका. रोज्याचाच थकवा आहे," असं म्हणून कुबराने फोन ठेवला आणि ती परीक्षकांकडे गेली.

जमालभाईंनी दुपार कलल्यावरची असरची नमाज पढली आणि ते खाटेवर आडवे झाले. इफ्तारच्या सुमारास शबनमबी, म्हणजे कुबराची अम्मी, खजूर आणि सरबत घेऊन त्यांना उठवायला गेल्या, तेव्हा ते उठले नाहीत. कुबरा घरी पोचली तोवर दारात चपलांचा ढीग पडला होता. तिने मनगट धरलं, गळ्यापाशी बोटं ठेवली, डोळ्यांत बघितलं. सगळं रीतीप्रमाणे केलं, आणि मग तिथंच जमिनीवर बसली. तिचा धाकटा भाऊ ओवेस नोकरीसाठी कतारला, दोहात होता. अब्बांचं दफन झाल्यावर तो पोचला.

लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, रमजानात गेला, रोज्यात गेला. कुबरा मान हलवायची. तिने सखूबाईंची केस शिकवायची बंद केली, ती पुढे दोन वर्षं.

तिसऱ्या वर्षी नवी बॅच आली. त्यात रोडपालीची भाविका होती. हळू बोलणारी, पण एकदा धरलेला धागा न सोडणारी. हृदयविकाराचा धडा टाळता येण्यासारखा नव्हता. कुबरा वर्गात उभी राहिली, सखूबाईंचं नाव ओठांवर आलं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"साठी उलटलेले गृहस्थ. जुना डायबेटिस. रोजा आहे. मुलीला फोनवर सांगतात, थकवा आहे, पोटातलं वर येतंय. शुगर नॉर्मल. तुम्ही ती मुलगी आहात. काय विचार कराल?"

पुढच्या बाकावरची सिदरा म्हणाली, "रोज्यामुळेच असेल, मॅडम. माझ्या आजोबांनाही होतं असं."

"मलाही तसंच वाटलं असतं," कुबरा म्हणाली.

भाविका उठली. "पण मॅडम, रोज्यामुळे म्हणजे शुगर उतरली असं आपण धरतोय ना? ती तर नॉर्मल आली. मग ते कारण तिथंच संपलं. आता दुसरं शोधायला पाहिजे." मग तिने विचारलं, "त्यांना घाम आला होता का?"

कुबराने टेबलाची कड धरली. "विचारलं नाही."

"कुणी?"

"मुलीनं. विचारलंच नाही तिनं."

वर्गात कुणाला काही कळलं, कुणाला नाही. भाविका हळूच खाली बसली. कुबराने फळ्याकडे वळून लिहिलं, हाताला लागलेलं पहिलं कारण खरंच पुरतं का, ते तपासा.

त्या संध्याकाळी अम्मी भाजी निवडत बसल्या होत्या. कुबरा त्यांच्याशेजारी बसली. दोघी त्या दिवसाबद्दल कधीच बोलल्या नव्हत्या.

"अम्मी, त्या दिवशी अब्बांना घाम आला होता?"

अम्मींचे हात थांबले. "बनियन पिळून काढावी इतका. मी बदलून दिली. तुझा फोन आला तेव्हा मी बाजूलाच होते. सांगणार होते, पण त्यांनी हातानं मना केलं. नंतर म्हणाले, पोरीची परीक्षा चालू आहे, टाकून धावत येईल." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तेव्हापासून माझ्या काळजात एकच आहे, कुबरा. तू एवढी शिकलेली, तू सांग. मी सांगितलं असतं तर वाचले असते?"

हॉस्पिटल घरापासून रिक्षाने पाच मिनिटांवर होतं. फोन झाल्यावर अख्खी दुपार हाताशी होती. कुबराला उत्तर माहीत होतं. नातेवाइकांना खोटा दिलासा देऊ नये, हे तिने कितीतरी मुलींना बजावलं होतं.

"नाही, अम्मी," ती म्हणाली. "मोठा अटॅक होता. काहीच करता आलं नसतं."

"खरं?"

"खरं."

अम्मी ढसाढसा रडल्या, इतक्या की भाजीची परात मांडीवरून घसरली. मग शांत झाल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "ओवेसलाही सांग हे. तोही मनात झुरतो, अब्बांना तपासायला मुंबईला नेलं नाही म्हणून."

कुबराने दोहाला फोन लावला आणि तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत.

"बरं झालं सांगितलंस, आपा," ओवेस म्हणाला. "आज झोप लागेल."

"झोप हं," ती म्हणाली. फोन ठेवून तिने जमिनीवर सांडलेली भाजी गोळा केली, धुतली आणि चुलीवर चढवली.