चढावरचा क्लच

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? — कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

मी जळगावात पिंप्राळ्याला राहते आणि बायकांना गाडी शिकवते. अकरा वर्षं झाली. जीभ जरा तिखट आहे माझी. 'बायका घाबरतात, त्यांना चढावर जमत नाही' असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. चारचौघांत झाडलंय मी अशा लोकांना. आणि तरी — थांबा, नीट सांगते.

तीन पावसाळ्यांपूर्वी सावद्याहून कुसुमताई शिकायला यायच्या. चाळिशीच्या असतील. नवऱ्याच्या, म्हणजे भाऊंच्या, किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जळगाव. दारात गाडी उभी, पण भाऊंना चालवायला मनाई आणि मुलगी लहान. दर खेपेला गावात कोणाच्या तरी हातापाया पडायचं. त्याला कंटाळून ही बाई रोज एसटीने येऊन गाडी शिकली. आणि काय शिकली हो! महिन्याभरात माझ्या पायाला कामच उरलं नाही.

पायाचं सांगायला हवं. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतो. मी माझा दाबला की शिकणारीच्या पायाखालचाही खाली जातो. लायसन्सच्या परीक्षेच्या वेळी मात्र आम्ही पाय मागे घेऊन बसायचं असतं. पण खोड जाते का? कुसुमताईंच्या परीक्षेच्या सकाळी आरटीओच्या साहेबांनी आम्हा सगळ्या शिकवणाऱ्यांना बजावलं, पाय आवरा म्हणून. मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या बायकांना माझा पाय लागतच नाही.

पाऊस तर असा लागला होता की मैदानात काळ्या मातीचा नुसता राडा. काचा आतून धुरकटलेल्या. कुसुमताईंनी फडक्याने काच पुसली, वायपर लावला, सावकाश आठचा आकडा काढला, आणि चढावर गाडी थांबवली. आता मागे न सरकता पुढे न्यायची, एवढंच राहिलं होतं. त्यांनी अर्धा क्लच धरला, ब्रेक सोडला. गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली. अगदी हवी तशी.

मग घाबरलं कोण? — मी. मला वाटलं इंजिन बंद पडतंय, आणि माझ्या पायाने क्लच पुरता दाबला. चाकांना इंजिनाचा जोरच उरला नाही. गाडी सुटली, मागे घरंगळली आणि खांबाला लागली.

साहेब छत्री धरून आले. सरळ माणूस. खिडकीशी वाकून त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, तुमचा पाय होता का? असेल तर सांगा, त्यांना परत चढवू देतो."

एक 'हो' म्हणायचं होतं. फार तर बोलणी खाल्ली असती. पण शेडखाली माझ्या बाकीच्या बायका उभ्या होत्या, दुसरे शिकवणारे बघत होते, आणि मी सकाळी एवढं बोलून बसलेले —

"नाही साहेब," मी म्हणाले. "पावसाला घाबरल्या त्या."

मी म्हणाले हे. मी!

कुसुमताई आपल्या चिखलाने भरलेल्या चपलेकडे बघत राहिल्या. "माह्याच पायानं दगा दिला, मॅडम," म्हणाल्या. तुमची मेहनत वाया घालवली म्हणून वर माझीच माफी मागितली त्यांनी. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आठवला की मला अजून शरम वाटते.

परीक्षा पुन्हा देता आली असती. मी दोनदा फोन केला. त्या नको म्हणाल्या. भाऊंना घेऊन जाताना भर रस्त्यात पाय सुटला तर काय करू, म्हणाल्या. मी खूप समजावलं, धीर दिला. खरं सांगितलं का? नाही. ज्या एका वाक्याने ती बाई परत गाडीत बसली असती, ते सोडून बाकी सगळं बोलले.

गेल्या महिन्यात त्या मुलीला घेऊन आल्या. पोरगी शिरपूरला फार्मसी शिकत होती, ती पहिल्याच वर्षी सोडून घरी आलीय. का, तर घरात गाडी चालवणारं कोणीतरी पाहिजे.

आता पोरगी माझ्या शेजारी बसून शिकते आणि कुसुमताई मागच्या सीटवर असतात. चढ आला की त्या पुढे वाकून हळूच म्हणतात, "सांभाळ बाई, माह्यावर नको जाऊ."

मी ऐकते. आणि समोर बघत पोरीला सांगते — अर्धा क्लच धर.