नासक्या रॉकेलचा खड्डा

"हुंग," शेट माझ्या आईला म्हणाला. "हुंग तुझ्या पोराचे हात."

गावच्या विहिरीवर, सकाळी, सगळ्यांसमोर. आईच्या डोक्यावर रिकामा हंडा होता. तो तिनं खाली ठेवला. शेटनं माझे दोन्ही हात मनगटाला धरून पुढं केले होते, चोराचे धरतात तसे. मला वाटलं, आई नाही म्हणेल. निदान तोंड फिरवेल. तिनं वाकून हुंगले.

"येतो ना रॉकेलचा वास?"

"येतो," आई म्हणाली.

कुणीतरी हसलं. मी तेव्हा मिशी फुटलेला, लग्नाला आलेला बाप्या. विहिरीत उडी टाकावीशी वाटली. पण त्या पाण्यालाही रॉकेलचाच वास मारत होता. म्हणून तर गाव जमलं होतं.

आमचा धनगरवाडा वर डोंगरात, पोलादपूरच्या अंगाला. म्हशी, शेरडं, उतारावर थोडी नाचणी-वरी. होळी झाली की वरचा झरा आटायचा आणि वाड्यातल्या बायका हंडे घेऊन खालच्या गावाच्या विहिरीवर उतरायच्या. गावच्या बायकांचं भरून झालं, की मग आमच्या. तोवर लांब करवंदीच्या जाळीपाशी बसायचं. गाव याला सवलत म्हणायचं. आम्हीही सवलतच म्हणायचो, याची आज जास्त लाज वाटते.

शेट त्याच गावातला. भातशेती, आंब्याची कलमं आणि गावाच्या वरच्या अंगाला, हायवेला, गॅरेज. गाड्यांचं नव्हे, छोट्या इंजिनांचं. शेतावरचे पंप, फवारणीची यंत्रं. मी तिथं कामाला होतो. ते पंप पेट्रोलवर सुरू व्हायचे आणि रॉकेलवर चालायचे. रेशनच्या रॉकेलात पाणी असायचंच. टाकी उपसली, कार्बोरेटर धुतला, की गढूळ रॉकेल उरायचं. इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलला तरी गिऱ्हाईक होतं. वाळवी लागू नये म्हणून वाशांना फासायला लोक डबे भरून न्यायचे. नासक्या रॉकेलला कोण विचारतो? ते शेट मागच्या खड्ड्यात ओतायला लावायचा. खड्डाही त्यानंच माझ्याकडून खणून घेतला होता.

"शेट, खाली विहीर हाय," मी एकदा म्हटलं होतं.

"जमीन पिऊन टाकते. तू इंजिनं बघ, विहिरीचं माज्यावर सोड."

मी सोडलं. पुढं रोज ओतत राहिलो.

पाण्याला वास सुटला तेव्हा गावाच्या आधी शेट ओरडला. बोट माझ्याकडं. संध्याकाळी देवळापुढं गावकी बसली. आमच्याकडं रीत अशी की ज्याची चूक त्यानं देवळापुढं उभं राहून गावकीच्या हातात नारळ द्यायचा. नारळ दिला की चूक कबूल, विषय मिटला. गावकीचा म्हातारा म्हणाला, "नारळ दे. नायतर उद्यापासून वाड्यातली एक बाई विहिरीवर दिसता नये."

खड्डा कुणी खणायला लावला, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. शेट समोरच बसला होता, पंचांच्या ओळीत, अडकित्त्यानं सुपारी कातरत. आई मागून हळूच म्हणाली, "दे रे बाला. पानी तोडतील."

मी नारळ दिला. "माजी चूक झाली," म्हटलं. आवाज बारीक निघाला म्हणून परत म्हणायला लावलं. परत म्हटलं, मोठ्यानं. शेटनं मान डोलावली. नारळ फुटला, खोबरं वाटलं, त्यातला एक तुकडा माझ्याही हातावर ठेवला आणि मी तो खाल्ला. अजून तोंडात येतो तो.

विहीर उपसली वाड्यातल्या बाप्यांनी. पाणी चालू झालं. पण विषय मिटला नाही. गावच्या बायकांना चाळाच लागला. आमचं माणूस दिसलं की, "हात हुंगून घ्या गो त्यांचे!" माझी धाकटी चुलती, नवी नवरी, तिचेही हात हुंगले. हसत, खेळत. ती घरी येऊन राखेनं हात घासत बसली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

मी कामावर जातच होतो. दुसरं काम कुठं होतं? एका सकाळी शेटनं स्वतःच्या हातानं मला चहा दिला. "गावासमोर बोलायला लागतं रे," तो हसला. "मनावर घेऊ नको." आणि पायानं नासक्या रॉकेलचा डबा माझ्याकडं सरकवला. "जा, वतून ये."

तोच खड्डा!

म्हणजे चूक कुणाची, हे त्याला माहीत होतं. आईला वाकायला लावलं तेव्हाही माहीत होतं. चहा मी तसाच खाली ठेवला. शेटच्या कामाला महाडला जायचो तेव्हा चवदार तळ्याच्या काठावर बसून वडापाव खायचो. त्या पाण्यासाठी माणसांनी काय सोसलं ते शाळेत शिकलो होतो. ते दुसऱ्यांचं, आपलं काय त्यात, असं वाटायचं. आपण तर हिंदू, डोंगरातले, आपल्याला पाणी मिळतं. मिळतं! सगळ्यांचं झाल्यावर, जाळीपाशी बसून. किती मूर्ख होतो मी.

"नाय वतनार," मी म्हटलं.

"काय?"

"नाय वतनार, शेट. तुमी वता."

"धनगरा, माज आला काय?"

मी डबा उचलला आणि सरळ विहिरीवर गेलो. पाणी भरायची वेळ होती. गावकीचा म्हाताराही तिथं तोंड धूत होता. डबा त्याच्यापुढं ठेवला. "ह्ये शेटचं रॉकेल. खड्डा शेटचा. वतत मी होतो, ता खरा. मग वतायला लावनाऱ्याचा नारळ कुठं हाय? माजा मला परत द्या."

म्हातारा चूळ थुंकला. "फुटलेला नारळ परत मिळतो काय रे?"

"मग शब्द परत घेतला."

त्याच दिवशी वाड्याचं पाणी तोडलं. शेटला कुणी काही विचारलं नाही. आमच्या बायका घाट उतरून नदीला जाऊ लागल्या. आई तर माझ्याशी बोलेना. बरं केलंस, असं ती कधीच म्हणाली नाही. तिच्या टाचा भेगाळल्या, रक्त येऊ लागलं. ते बघवत नसे. रात्र रात्र वाटायचं, जाऊन दुसरा नारळ द्यावा.

नाही दिला.

हंडा उचलून मीच विहिरीवर गेलो. बाप्या माणूस, डोक्यावर हंडा. बायका फिदीफिदी हसल्या. मी जाळीपाशी बसलो नाही. गावच्या बायकांच्या ओळीत उभा राहिलो, शेटच्या सुनेच्या मागं. ती अंग चोरून पुढं सरकली. "तुमची पाळी मागाहून," कुणीतरी ओरडलं.

"मी आलो ती माजी पाळी," मी म्हटलं. "उद्या आमच्या बायका येतील. त्याबी हितंच उभ्या ऱ्हातील."

म्हातारा काठी घेऊन आला. मी हंडा खाली ठेवला नाही आणि ओळही सोडली नाही.