दोन वाजताची मुलाखत

"अगं, पण एखादी तरी चांगली गोष्ट सांगितलीस की नाही?"

"त्यांनी कामाबद्दल विचारलं वन्सं, मी कामाबद्दल सांगितलं."

"काय सांगितलंस ते बोल ना!"

"चादरींचे दोन गठ्ठे भलत्याच वॉर्डात गेले ते. तीन नंबरचं मशीन ठासून भरलं आणि पट्टा तुटला ते. ऑपरेशनचे झगे एकदा दमटच वर पाठवले, डॉक्टर शिव्या घालत जिना उतरला ते."

नणंद धुलाईच्या कोपऱ्यात शिलाईला बसून उशांचे अभ्रे शिवत होती. दातात धरलेली सुई तिनं हातात घेतली. "आणि?"

"आणि काय? वेळ संपली."

इस्पितळाच्या तळघरातली ही धुलाई. बारा वर्षांपूर्वी नणंदेची ही भावजय इथं मळके कपडे निवडायला लागली, आज चाळीस माणसं हाताखाली आहेत. तिला सगळे मुकादम म्हणतात. रागावली की आवाज चढत नाही, उलट खाली जातो. तो खाली गेला की इस्त्रीचे रूळसुद्धा जपून फिरतात असं पोरी म्हणतात.

मॅनेजर वर्षअखेर निवृत्त होणार. त्या खुर्चीवर एमबीए झालेला, निदान एमबीएला प्रवेश मिळालेला माणूस हवा, असं ऑफिसनं कळवलं. म्हणून संध्याकाळच्या कोर्ससाठी तिनं अर्ज भरला. लेखी परीक्षेत प्रत्येक वेळी पास व्हायची, गाडी अडायची मुलाखतीत. तीनच वेळा बसता येतं. कालची तिसरी.

नणंदेनं दोन महिने घोकून घेतलं होतं. हरवणाऱ्या चादरी आपण निम्म्यावर आणल्या, हे पहिल्या दमात सांगायचं. मान ताठ. हात मांडीवर.

पण धुलाईची रीत हाडात मुरलेली. दोनला पाळी बदलते. सगळे फळ्याजवळ उभे राहतात. येणारा विचारतो, "सांगा, काय चाललंय?" जाणाऱ्यानं फक्त काय मोडलं, काय राहिलं, काय हरवलं तेवढंच सांगायचं. नीट झालेलं मांडणीवर दिसतंच, त्याचं कौतुक कशाला? ही रीत मुकादमनंच घातली. एकदा पाळी "सगळं ठीक" म्हणून निघून गेली आणि ड्रायरमध्ये साठलेल्या सुतानं पेट घेतला. तेव्हापासून.

काल मुलाखत बरोबर दोनला. टेबलामागे तिघं. मधल्यानं हसून विचारलं, "सांगा, काय चाललंय तुमच्याकडे?" बाई उभी राहिली आणि पाळी देऊन मोकळी झाली.

"उभी राहिलीस?" नणंदेनं कपाळावर हात मारला.

"पाळी बसून देतात का? शेवटी एकानं विचारलं, तुमची कमकुवत बाजू कोणती? मी म्हटलं, साहेब, आता आणखी काय उरलंय?"

नणंदेला हसू फुटलं. मुकादमला नाही. सकाळीच फोनवर दोन ओळी आल्या होत्या : कळवण्यास खेद वाटतो.

"बारा वर्षं, वन्सं. आता वरून कुणीतरी येईल आणि ड्रायरचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते मलाच विचारील. मी सांगीन, तो लिहून घेईल."

नणंदेनं अभ्रा पुढ्यात ओढला. दोरा संपेपर्यंत शिवत राहिली.

दोन वाजले. मुकादमची सुट्टी पाचला, पण फळ्याशी तीच लागते. पुढच्या पाळीचा म्होरक्या, हातरुमाल मानेला गुंडाळलेला, समोर येऊन उभा राहिला.

"सांगा मुकादम, काय चाललंय?"

तिनं फळ्याकडे पाहिलं. खडू उचलला, खाली ठेवला.

"आज चार हजार दोनशे नग गेले. एक हरवला नाही. झगे वेळेच्या अर्धा तास आधी वर पोचले. माझ्या माणसांनी झकास काम केलं."

कुणी हललं नाही. म्होरक्यानं हळूच मानेचा रुमाल सोडला आणि ड्रायरकडे नजर टाकली.

"मुकादम," तो खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगा, कुठं लागलीय आग?"

इस्त्रीवाल्या दोघी ड्रायरकडे धावल्यासुद्धा. एकीनं सुताची जाळी उपसून बाहेर काढली.

मुकादमनं त्यांच्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे. नणंदेनं मान खाली घातली.

"या अरे इकडं. कुठं काही लागलेलं नाही," मुकादम म्हणाली. आवाज खाली गेला होता. "तीन नंबरचा पट्टा पुन्हा सैल पडलाय. सहा अभ्रे फाटलेत."

"हां," म्होरक्याचा जीव भांड्यात पडला. "असं बोला की."

तिनं खुंटीवरचा पाना काढला, पदर कमरेला खोचला आणि तीन नंबरच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसली.