चकाचकरावांच्या लेकीचं कॉलेज

कारखान्यात त्यांना सगळे चकाचकराव म्हणत. स्टीलचे नळ आणि दरवाजांच्या मुठी फिरत्या चाकावर धरून त्यांना चकाकी आणायची, हे त्यांचं काम. मुठीत स्वतःचं तोंड दिसलं की माल पास, केसाएवढा ओरखडा दिसला की परत चाकावर. ते निवृत्त झाले, पण डोळा काही निवृत्त झाला नाही. बायकोने ताट पुढे ठेवलं की आधी ते उजेडात तिरपं धरून बघायचे.

"जेवायचंय की पास करायचंय?" बायको विचारायची.

लेकीला सिनेमा, व्हिडिओ आणि फोटोग्राफी शिकायची होती. दोन कॉलेजांनी तिला घ्यायचं कबूल केलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा, नाहीतर दोन्ही जागा हातच्या जाणार. चकाचकरावांना आठवडाभर एकच घोर लागला होता. मूठ बिघडली तर परत घासता येते. पोरीची वर्षं वाया गेली तर कुठल्या चाकावर धरायची?

बापलेक दोन्ही कॉलेजं बघायला निघाले, तेव्हा बायकोने दारातूनच बजावलं, "नीट बघून या. आणि अहो, लोकांच्या भिंतींवरून बोट फिरवत बसू नका."

पहिलं कॉलेज काचेचं होतं. फरशीत छताचे दिवे दिसत होते. एका खोलीत काचेच्या कपाटांमधून कॅमेरे ओळीने मांडलेले, एकावरही डाग नाही. चकाचकरावांनी एक डोळा मिटून, वाकून, दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्यांना जरा हायसं वाटलं.

"पोरी, काम झालं. कळवून टाक."

लेक मात्र तिथल्या बाईंना विचारत होती, "मॅडम, कॅमेरा हातात कधी मिळतो?"

"पहिलं वर्ष सगळं वर्गात. पाया पक्का नको का व्हायला?" बाई हसून म्हणाल्या. "कपाटं दुसऱ्या वर्षी उघडतात."

लेक हसली नाही. "दुसरंही बघू, बाबा," एवढंच म्हणाली.

दुसरं कॉलेज टायरच्या दुकानावर होतं. जिनाभर रबराचा वास. आत जमिनीवर वायरींचा गुंता, आणि एका लांब टेबलाशी बाह्या वर केलेले एक मास्तर परत आलेले कॅमेरे तपासत होते. कडांचा रंग उडालेला. एकाला चिकटपट्टी. कोपऱ्यात कॅमेरा ठेवायच्या तिपाईचा एक पाय तारेने बांधलेला. चकाचकरावांनी एका कॅमेऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे ओरखडे..."

"पहिल्या दिवसापासून मुलांच्या हातात असतात, काका. भिंगाची काच जपतो, बाकी चालवून घेतो."

"आणि शिकून झाल्यावर काम?"

"काहींना लगेच मिळतं. काहींना बरंच थांबावं लागतं. काही सोडूनही देतात. खोटं कशाला सांगू?"

चकाचकराव तिपाईचा तो तारेचा पाय हलवून बघू लागले. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने "जरा धर ना, दुसरी बॅटरी आणते" म्हणत आपला कॅमेरा लेकीच्या हातात ठेवला. लेकीने तो डोळ्याला लावला. खिडकीतून येणारा उजेड तिला खालून टिपायचा होता बहुतेक, कारण ती त्या मळक्या जमिनीवर सरळ गुडघे टेकून बसली, चांगल्या कपड्यांनिशी. घरी हिला केर काढ म्हटलं की कंबर दुखायची.

बसथांब्यावर दोघांची जुंपली.

"तारेने बांधलेल्या तिपाईवर तुझं आयुष्य ठेवू?"

"मग वर्षभर कपाटं बघत बसू?"

"वस्तू जपणारी माणसं माणसांनाही जपतात."

"बाबा, तुमचं चाक चमकायचं?"

"चाक कसं चमकेल? कापडी चाक ते..." चकाचकराव बोलता बोलता थांबले.

त्यांचं चाक काळंकुट्ट होतं, कडेने चिंध्या झालेलं. त्याची काजळी अंगावर इतकी बसायची की बायको त्यांचे कपडे वेगळे भिजवायची. स्वच्छ चाक फक्त गोदामात दिसायचं, कुणी न लावलेलं. चमकायला हवा तो माल, हत्यार नव्हे. जन्मभर माल पास केलेल्या माणसाने आज हत्यारालाच माल समजून पास केलं होतं.

पण तेवढ्याने पेच सुटत नव्हता. मास्तरांचं उत्तर तिथेच होतं: काही सोडूनही देतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"तिथे कुणी बोट धरून चालवणार नाही," ते म्हणाले. "हात दुखतील. जमणार नाही. मग रडत घरी आलीस तर?"

"येईन रडत. सकाळी परत जाईन."

"रोज?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशी?"

"बाबा!"

"विचारतोय."

"सुट्टीच्या दिवशीही."

त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मऊ होते. या हातांवर भरवसा ठेवायला अजून काहीच नव्हतं.

"कळव."

तिने फोन काढला, बोट वर नेलं.

"थांब. एकदा कळवलं की बदलता येतं?"

"नाही."

त्यांची बस आली, थांबली, निघून गेली. दोघं जागचे हलले नाहीत.

"दाब," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

तिने दाबलं. थोड्या वेळाने चकाचकरावांच्या खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, काय ठरलं? चांगलं आहे ना कॉलेज?"

"माहीत नाही," चकाचकराव म्हणाले. "पोरगी कामाला लागतेय."