कानातला एक थेंब

गोचीडतापाने आमची कुत्री राणी दोन दिवस जेवली नव्हती. कर्वेनगरच्या दवाखान्यातल्या मशीनने तिच्या प्लेटलेट फक्त अठरा हजार दाखवल्या. ते खरं असेल, तर रक्त चढवावं लागणार होतं. खात्री करायला प्रयोगशाळेत गेलो आणि तिथल्या रक्त तपासणाऱ्या बाईंना मी आकडा सांगू लागलो.

"अहो, सांगू नका. मग डोळे तेवढ्याच शोधतात."

राणीच्या कानाला टोचून त्यांनी थेंब काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकातून मोजू लागल्या. अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता. वीस मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"नव्वद हजार तरी आहेत. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्यात, मशीन अख्खी गुठळी एकच धरतं. गोळ्यांनी भागेल."

"नक्की ना?"

"तुम्ही विचारायच्या आधीच दुसरी काच केलीय," म्हणत त्या पुन्हा वाकल्या.

हिशेबाच्या आकड्यांत माझी हयात गेली. पण आकड्याचा इतका धाक बाळगणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.